ठिपका दिसतो, पण येतो कुठून?

मी चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये उभा आहे. एका बाजूला सचिवालयाची सुमारे २५० मीटर लांब इमारत, दुसरीकडे २६ मीटर उंच 'ओपन हँड', उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या. वास्तुकलेवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी निवृत्त फौजी आणि हॅम. मला इथे आधी दिसते ती रेडिओची अडचण. हातातला संच जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर सपाट मैदानातही व्हीएचएफ लहरींचे क्षितिज जेमतेम ५ किलोमीटर. त्यात मधे एवढे काँक्रीट! अँटेना २६ मीटरवर नेला, तर तेच २० किलोमीटरपर्यंत जाते. कसौलीच्या डोंगरावर नेला, तर १५० च्या पुढे.

आज मी संच आणलेला नाही, बरं का. दोन राज्यांच्या विधानसभा आणि हायकोर्ट असलेल्या आवारात, परवाना असला तरी अँटेना मिरवत फिरू नये.

आता मुद्द्यावर येतो. एपीआरएस ही हॅम लोकांची ठावठिकाणा कळवणारी पद्धत. अमेरिकन नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली. जीपीएसवरून मिळालेले स्थान १२०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या सुरांत बदलून संच हवेत सोडतो. उंचावरचे स्टेशन ते ऐकून पुन्हा प्रसारित करते, ते डिजिपीटर. इंटरनेट जोडलेले स्टेशन ते पुढे सर्व्हरला देते, ते आयगेट. मग पुण्यात बसलेली आई नकाशावर मुलाचा ठिपका पाहते.

आयुष्यभर आम्ही आपले ठिकाण लपवायला शिकलो. इथे उलटे! हॅम बँडवर गुप्त भाषा चालत नाही, त्यामुळे तुमचा ठिपका सगळ्या जगाला दिसतो. ज्याला ते नको, त्याने घरापासून बीकन सुरू करू नये.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. स्थानाच्या पॅकेटला पोच मिळत नाही. दोन संच एकाच वेळी बोलले की पॅकेट गेले. ठिपका तासभर हलला नाही, तर माणूस थांबला असेल, बॅटरी संपली असेल, डोंगर आडवा आला असेल किंवा आयगेटचे नेट गेले असेल. नकाशा ते सांगत नाही. म्हणून ठिपक्याआधी त्याची वेळ वाचा. मग वेग आणि दिशा. शोधपथक निघते ते या तीन गोष्टींवर, नकाशावरच्या गाडीच्या चित्रावर नाही.

दुसरी गोष्ट. आज बरेच जण मोबाइलच्या अ‍ॅपमधून थेट इंटरनेटवर स्थान टाकतात. रेडिओचा त्यात संबंधच नसतो, पण नकाशावर ठिपका अगदी तसाच दिसतो. त्यामुळे जाळे भरगच्च वाटते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा भारती प्रसाद यांच्या चमूने पोर्ट ब्लेअरहून हॅम रेडिओवर निरोप पोचवले. ते बोलून, एपीआरएसने नव्हे. पण त्यांचा संच कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून नव्हता, हे लक्षात घ्या. ब्रुनिंगाही शेवटपर्यंत सांगत राहिले की ही पद्धत गाड्या शोधण्यासाठी नाही. आसपासच्या सगळ्यांना त्या क्षणी काय चालले आहे ते कळावे, यासाठी आहे. २०२२ मध्ये ते गेले.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या हॅम मंडळींना माझी एक विनंती. येत्या रविवारी घरचा राउटर बंद करा, मोबाइलचा डेटाही. संच लावून तासभर ऐका. किती स्टेशने थेट ऐकू येतात, किती डिजिपीटरमार्फत येतात, ते वहीत लिहा. एकही नसेल, तर मित्रांबरोबर जवळचा उंच डोंगर शोधा आणि डिजिपीटरच्या परवानगीचा अर्ज करा. पावसाळ्याआधी.