नवा संगणक, जुनी सीडी

बियाण्याची पिशवी घेताना आपल्या परभणी जिल्ह्यातला शेतकरी सील पाहतो, लॉट नंबर पाहतो आणि पावती जपून ठेवतो. उगवण झाली नाही तर तीच पावती कामाला येते, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. त्याच शेतकऱ्याच्या घरी मुलासाठी तीस-चाळीस हजारांचा लॅपटॉप येतो, तेव्हा मात्र खोक्याचे सील दुकानातच फोडलेले असते. आत काय भरले आहे, कोणी भरले, कुठून आणले, हे कोणी विचारत नाही. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

मी परभणीत संगणक दुरुस्तीचे काम करतो. मानवत, पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा अशा सगळीकडून यंत्रे येतात. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक आपल्या तालुक्यांपर्यंत पोचला. तेव्हापासून एक वाक्य मी ऐकत आलो आहे. दुकानदार म्हणतो, "काळजी करू नका, सगळं टाकून देतो." ग्राहकही खूश होतो. पण हे 'सगळं' म्हणजे काय?

संगणकाचे दोन भाग असतात. एक डोळ्यांना दिसणारे यंत्र आणि दुसरे ते चालवणारे सॉफ्टवेअर. विंडोज ही त्यातली मूळ प्रणाली. ती कधी बिघडली तर यंत्र पुन्हा पहिल्यासारखे करण्याची सोय कंपनी देते. पूर्वी त्यासाठी खोक्यात रिकव्हरी डिस्क मिळत असे. पुढे कंपन्यांनी डिस्क देणे बंद केले आणि तीच सामग्री हार्ड डिस्कच्या एका राखीव कप्प्यात ठेवू लागल्या. डिस्क असो की कप्पा, ती वस्तू आपण पैसे मोजून घेतलेली असते.

मागे एका शिक्षिकेचा लॅपटॉप माझ्याकडे आला. यंत्र अतिशय मंद झाले होते. बाईंनी सोबत दुकानातून मिळालेली 'रिकव्हरी सीडी' आणली होती. कोऱ्या सीडीवर मार्कर पेनने नाव लिहिलेले, बस्स. तपासले तेव्हा कळले, की कंपनीने दिलेली मूळ विंडोज दुकानात पुसून टाकली होती. तिच्या जागी जास्त सोयींची म्हणून चोरीची विंडोज घातली होती. 'डी ड्राइव्ह मोठा करून देतो' म्हणून राखीव कप्पाही उडवला होता. विंडोजचे अपडेट बंद होते. अँटिव्हायरसला एक फोल्डर तपासू नकोस असे सांगून ठेवले होते, आणि त्याच फोल्डरमध्ये कळफलकावर टाइप केलेले प्रत्येक अक्षर टिपून घेणारा प्रोग्राम बसला होता. याच यंत्रावर बाई बँकेचे व्यवहार करत होत्या आणि मुलाच्या प्रवेशाचे अर्ज भरत होत्या.

आम्ही प्रथम दुसऱ्या यंत्रावरून बँकेचा पासवर्ड बदलला. मग त्यांच्या कामाच्या फायली बाजूला काढल्या, हार्ड डिस्क पूर्ण पुसली आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेतलेली विंडोज बसवली. तिने परवान्याचा क्रमांक मागितलाच नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या यंत्रात हा क्रमांक मदरबोर्डमध्येच साठवलेला असतो. म्हणजे बाईंनी अस्सल विंडोजचे पैसे आधीच भरले होते. दुकानात ती काढून तिच्या जागी चोरीची घातली गेली होती.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. ऑगस्ट २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी चीनमधल्या वेगवेगळ्या शहरांतून २० नवे संगणक विकत घेतले. सगळ्यांत बनावट विंडोज होती, आणि ४ यंत्रांत विकत घेतानाच घातक प्रोग्राम भरलेले होते. त्यातला 'नायटॉल' नावाचा प्रोग्राम यंत्र इंटरनेटला जोडताच बाहेरच्या मालकाशी संपर्क साधत असे आणि पेन ड्राइव्हमधून दुसऱ्या संगणकांत पसरत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाच्या आदेशाने त्याचे जाळे रोखण्यात आले. हा माल कारखाना आणि ग्राहक यांच्या मधल्या साखळीत कुठेतरी आत शिरला होता.

२०१८ मध्ये याच कंपनीने भारतासह आशियातल्या ९ देश-प्रदेशांत १६६ नवे संगणक विकत घेऊन तपासले. स्वस्तात यंत्र आणि वर फुकट सॉफ्टवेअर देणारी दुकाने त्यासाठी निवडली होती. भारतात घेतलेल्या यंत्रांपैकी ९१ टक्के यंत्रांत चोरीचे सॉफ्टवेअर निघाले. विंडोज विकणाऱ्या कंपनीचीच ही पाहणी, त्यामुळे तिचा स्वार्थ लक्षात घ्यायला हवा. तरीही माझ्या टेबलावर जे येते त्यापेक्षा हे चित्र फार वेगळे नाही.

कारखान्यातूनही खोट येऊ शकते. २०१५ च्या फेब्रुवारीत उघड झाले, की लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्राम कंपनीनेच घातला होता. सुरक्षित समजल्या जाणाऱ्या संकेतस्थळांच्या व्यवहारातही तो डोकावू शकत असे, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांत एकच होती. अशा वेळी कारखान्याच्या रिकव्हरीने यंत्र पूर्ववत केले तर तो प्रोग्रामही परत येतो. म्हणून मूळ प्रणाली बनवणाऱ्याकडूनच ती घेतलेली बरी.

चोरीच्या प्रतीत धोका का असतो, हेही समजून घेऊ. परवान्याचे कुलूप तोडायला 'ॲक्टिव्हेटर' नावाचा छोटा प्रोग्राम चालवावा लागतो. तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी त्याची पहिली अट असते. चोराला चावी देऊन राखणदाराला सुटी द्यावी, तसे हे आहे. पुढे पकडले जाऊ नये म्हणून अपडेटही बंद ठेवले जातात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने जगभरातली यंत्रे ओलीस धरली. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी अपडेट घेतले नव्हते, ते सापडले.

दुकानदारालाच सगळा दोष देणे मला पटत नाही. यंत्रामागे त्याला फार थोडे सुटते, आणि 'फुकट टाकून द्या' हा आग्रह आपणच धरतो. काही लॅपटॉप विंडोजशिवाय, 'डॉस'वर येतात. ते स्वस्त दिसतात म्हणून आपण घेतो आणि मग चोरीची विंडोज मागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा आहे. पैसे नसतील तर लिनक्स आहे. पुण्याच्या सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली दिली आहे. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्यात मराठी उत्तम लिहिता येते. कोणाचे काही चोरावे लागत नाही.

आता करायचे काय, ते सांगतो. सीलबंद खोके आपल्यासमोर उघडायला सांगा. यंत्राबरोबर विंडोज आहे की नाही हे आधी विचारा आणि बिलावर तिचे नाव लिहून घ्या. यंत्राचा अनुक्रमांक बिलाशी जुळवून पाहा. घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन 'ॲक्टिव्हेशन' आणि अपडेट तपासा. पहिल्याच आठवड्यात ३२ जीबीचा एक कोरा पेन ड्राइव्ह घेऊन विंडोजमधल्याच सोयीने रिकव्हरी ड्राइव्ह बनवा, त्यावर तारीख लिहा आणि बिलासोबत ठेवा. एक लक्षात असू द्या. रिकव्हरीने यंत्र परत येते, आपल्या फायली परत येत नाहीत. फोटो, गुणपत्रिका, हिशेब यांची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. आणि मार्करने नाव लिहिलेली सीडी कोणी दिली, तर नम्रपणे परत करा.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. यंत्र पुण्यात घेतलेले असो की ऑनलाइन मागवलेले, तक्रार परभणीत दाखल होते. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. पण त्यासाठी पक्के बिल हाती हवे. जीएसटी वाचवायला चार पैसे कमी देऊन कच्ची चिठ्ठी घेतली असेल, तर आयोगापुढे आपली बाजू लंगडी पडते.

आज पीकविम्याचा अर्ज, सातबारा, शिष्यवृत्ती, बँक हे सगळे याच पडद्यावर येऊन बसले आहे. म्हणून संगणक घेतानाही बियाण्याच्या पिशवीसारखे सील पाहा आणि पावती जपा.