डिझेल की पेट्रोल?

छोटा पिकअप घेणारा माणूस आधी हेच विचारतो. मी उलट विचारतो, रोज चालणार किती आणि चढ किती?

2005 साली ‘छोटा हत्ती’ आला तो डिझेलवरच. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. ऑक्टोबर 2014 मध्ये दरावरचं सरकारी नियंत्रण गेलं, आणि आता तो फरक तेवढा उरला नाही. तरी या इंजिनाचा जोर वेगळाच. ठिणगी नाहीच, हवा दाबून इतकी तापते की तेल आपसूक पेटतं. कांद्याची पोती भरून रोज कसारा घाट ओलांडायचा असेल, तर डिझेलच घ्यावं.

माझा भाचा मात्र मुंब्र्याच्या गल्ल्यांत अंडी पोचवतो. म्हणाला, “मामू, सगळे डिझेलच घेतात.”

“सगळे तुझ्या गल्लीत फिरतात का रे?”

एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेलच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसला. ती काजळी जळायला गाडी बराच वेळ सलग, तापून चालावी लागते. दर दुकानाशी थांबणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो. मग गाडी गॅरेजात, धंदा बंद, कर्जाचा हप्ता मात्र चालू. त्याला मी पेट्रोलच घ्यायला सांगितलं.