अळीचे पोट आणि आपली बादली

ओल्या कचऱ्याच्या बादलीत अळ्या दिसल्या की घरात एकच गलका होतो. बादली अंगणात उपडी होते, वर फिनेल ओतले जाते. पनवेलच्या दमट पावसाळ्यात हे काही नवे नाही. आज मात्र अशाच एका अळीची बाजू आपल्यापुढे मांडायची आहे.

ही अळी ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे काळी सैनिक माशी, हिची. माशी मूळची अमेरिका खंडातली. आज ती जगाच्या बहुतेक उष्ण भागांत आणि आपल्याकडेही आढळते. दिसायला गांधीलमाशीसारखी, पण दंश करत नाही. घरमाशीप्रमाणे आपल्या ताटावर येऊन बसण्याची सवयही तिला नाही. कारण साधे आहे. अळी असताना साठवलेल्या चरबीवरच तिचे माशीपणाचे थोडे दिवस बहुतांशी निभावतात. जन्मभराचे जेवण अळीने दोन-तीन आठवड्यांत उरकायचे असते, तेही नासक्या, कुजक्या अन्नावर. मग ते अन्न तिला बाधत कसे नाही?

उत्तर तिच्या पोटात आहे. अळीच्या मधल्या आतड्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात आम्लता अगदी सौम्य. तिथे भात-पोळीतल्या पिष्टाचे पचन सुरू होते. दुसऱ्या भागात सामू २ च्या आसपास उतरतो, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतकी आम्लता. शिवाय तिथे लायसोझाइम नावाचे, जिवाणूंची भिंत फोडणारे विकर असते. अन्नाबरोबर आलेले पुष्कळ जिवाणू इथेच मरतात आणि अळी त्यांनाही पचवते. तिसरा भाग अल्कधर्मी. तिथे प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे तुकडे होऊन ते शरीरात शोषले जातात. माणसाच्या अन्नाला आम्ल जठरात, म्हणजे आरंभीच भेटते. अळीच्या आतड्यात ते मध्यावर भेटते, एवढाच फरक.

परिणामी खरकट्याचा ढीग झपाट्याने उतरतो. साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे रोगजंतू घटल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. मागे उरते ती अळ्यांची विष्ठा आणि न पचलेला चोथा. तो आणखी मुरवला की खत म्हणून वापरता येतो. मात्र कवच धारण करणारे काही जिवाणू या आम्लातूनही तगतात, म्हणून न मुरवता तो पालेभाजीला घालू नये.

पूर्ण वाढलेली अळी वाळवली तर तिच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग प्रथिनांचा आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबीचा असतो. खाद्यानुसार हे आकडे कमीजास्त होतात. गंमत म्हणजे या चरबीत लॉरिक आम्ल भरपूर असते. तेच, जे आपल्या खोबरेल तेलात असते. म्हणून मासे आणि कोंबड्या यांच्या खाद्यात या अळीला मागणी आहे. खाडीकाठी कोळंबी आणि मासे वाढवणाऱ्या आपल्या रायगड जिल्ह्याने याकडे लक्ष द्यावे असे वाटते.

पण या पोटालाही मर्यादा आहेत. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, काड्या त्यात फारशा पचत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीचे ती काहीच करू शकत नाही. आणि धोक्याची गोष्ट म्हणजे कॅडमियमसारखा जड धातू अळीच्या अंगात साठत जातो. काही प्रकारच्या बॅटऱ्यांमध्ये कॅडमियम असते. अशी बॅटरी खरकट्यात पडून फुटली तर तिचे विष अळीत, अळीतून माशात आणि माशातून पुन्हा आपल्याच ताटात येऊ शकते. जंतूंना मारणारे आम्ल धातूला नाहीसे करत नाही. युरोपीय संघाने या अळीची प्रथिने २०१७ साली माशांच्या आणि २०२१ साली कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात वापरू दिली. पण त्यासाठी वाढवायच्या अळ्यांना हॉटेलांतले उष्टे घालायला तिथे मनाई आहे. अळीने काय खाल्ले, यावर तिची किंमत ठरते.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ मध्ये खारघर, कळंबोली, कामोठे यांना सामावून घेत तिची महानगरपालिका झाली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. आपल्यापैकी अनेकांना ती कटकट वाटते. पण मिसळलेला ओला कचरा क्षेपणभूमीवर हवेविना कुजतो, त्यातून मिथेन निघतो, काळे पाणी झिरपते. तोच कचरा निर्मळ असेल तर त्याचे खत होते, खाद्य होते.

निसर्गाने अळीला तीन कप्प्यांचे पोट दिले आहे. तीन डबे ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे. भाजीची देठे एकीकडे, दुधाची पिशवी दुसरीकडे आणि संपलेली बॅटरी तिसरीकडे, एवढे रोज जमले तरी पुढचे बरेचसे काम ती अळी बिनबोभाट करील.