घरचें चित्रपटगृह आणि वॉटांचा हिशेब

टीव्हीचा संच जसजसा पातळ होत गेला, तसतसा त्याचा आवाजही पातळ झाला. भिंतीवर टांगलेल्या ५५ इंची पडद्याच्या पाठीशीं जे चिमुकले स्पीकर दडविलेले असतात, त्यांचें तोंड बहुधा जमिनीकडे नाहींतर भिंतीकडे असतें. चित्र लखलखीत दिसतें. परंतु नट काय बोलला हें कळत नाहीं. पहिली तक्रार घरांतील वृद्ध मंडळींची असते. "काय म्हणाला रे तो?" हा प्रश्न एका चित्रपटांत दहा वेळां येतो, आणि अकराव्या वेळीं आजी विचारण्याचें सोडून देते व जपमाळ घेऊन आंतल्या खोलींत जाते. घरचें चित्रपटगृह उभारण्याचा विचार पुष्कळ कुटुंबांत येथूनच निघतो. हौस मागाहून येते.

मग एका शनिवारीं मुंबईकर कुटुंब लॅमिंग्टन रस्ता गांठतें आणि पुणेकर तपकीर गल्ली. लॅमिंग्टन रस्त्याचें सरकारी नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नांवानें टॅक्सीवाल्याला पत्ता सांगणारा गृहस्थ विरळा. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साहेब, किती वॉटचा दाखवूं?" गिऱ्हाइकाची वाट चुकते ती या प्रश्नापाशीं. दुकानदार लबाडच असतो असें मुळींच नव्हे. आवाजाची गोडी तोंडानें सांगतां येत नाहीं, संवादाची स्पष्टता आंकड्यांत मांडतां येत नाहीं. वॉट मात्र खोक्यावर ठळक अक्षरांत छापतां येतात, आणि जें छापतां येतें तें विकतां येतें.

या वॉटांचा हिशेब एकदां नीट मांडून पाहण्यासारखा आहे. ॲम्प्लिफायर म्हणजे ध्वनिवर्धक. घरच्या चित्रपटगृहांत तोच रिसीव्हर या नांवानें येतो: चित्रपटाचा ध्वनि पांच, सात किंवा अधिक वाटांनीं विभागून प्रत्येक स्पीकरला शक्ति पुरविणारी ही पेटी. तिची शक्ति वॉटमध्यें मोजतात. पण कानाला वॉट ऐकूं येत नाहींत. कानाची मोजणी डेसिबलची, आणि ती मोठी विलक्षण आहे. शक्ति दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलनें वाढतो, म्हणजे जाणवण्याइतपत. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयाचा तर सुमारें १० डेसिबल वाढ लागते, आणि त्यासाठीं शक्ति दसपट करावी लागते. ८० वॉटचा रिसीव्हर आणि १०० वॉटचा रिसीव्हर यांच्या किंमतींत हजारों रुपयांचें अंतर असूं शकतें. कानाच्या दृष्टीनें तें अंतर जेमतेम एका डेसिबलचें.

आतां साधारण दिवाणखाना घ्यावा. स्पीकर मध्यम प्रतीचा आहे. एक वॉट दिला असतां एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज देतो. कोच स्पीकरपासून तीन मीटरवर आहे. अंतरामुळें आवाज घटतो, भिंतींवरून परतून थोडा भरूनही येतो. कोचावर बसलेल्याच्या कानाशीं सुमारें ८० डेसिबल उरतात. हें सगळें एका वॉटमध्यें. चित्रपटगृहांत ध्वनीची प्रमाण पातळी ८५ डेसिबलची धरतात आणि स्फोट, गडगडाट यांसाठीं तीवर आणखी २० डेसिबलांची जागा मोकळी ठेवतात. घरीं इतका आवाज कोणी लावीत नाहीं. १५ डेसिबल कमी ठेवला तरी तो पुष्कळ होतो. तेव्हां सर्वसाधारण पातळी ७० डेसिबल आणि क्षणिक शिखर ९० डेसिबल. पहिलीला दशांश वॉट पुरतो. दुसऱ्याला १० वॉट. ज्या कुटुंबाला दुकानांत १५० वॉटांखालीं बोलणेंच कमीपणाचें वाटत होतें, त्याचा बहुतेक संसार एका वॉटच्या आंत चालतो.

याचा अर्थ मोठा ध्वनिवर्धक निरुपयोगी, असा करूं नये. दिवाणखाना लांबरुंद असेल, स्पीकर मंद म्हणजे ८३-८४ डेसिबलचे असतील, किंवा चार ओहमचे असल्यामुळें अधिक प्रवाह ओढीत असतील, तर दुबळी पेटी तापते. शिखराच्या क्षणीं तिचा आवाज फाटतो, आणि अशा फाटक्या आवाजानें वरच्या पट्टीचे नाजूक स्पीकर जळतातही. परंतु ८५ ऐवजीं ८८ डेसिबलचा स्पीकर निवडला तर निम्म्या शक्तीत तेंच काम होतें. म्हणून आधीं खोली पाहावी, मग स्पीकर ठरवावे, आणि पेटी सर्वांत शेवटीं. बाजारांत बहुधा हा क्रम उलटा चालतो.

छापील आंकडाही नेहमीं एकाच जातीचा नसतो. १९९० च्या दशकांत भारतांत टेप-रेकॉर्डरांवर 'पीएमपीओ' या अक्षरांपुढें हजारांचे आंकडे झळकत असत. त्या मापाची सर्वमान्य व्याख्या कधीं झालीच नाहीं. अमेरिकेंत हीच बजबजपुरी माजली, तेव्हां तेथील व्यापार आयोगानें १९७४ सालीं ध्वनिवर्धकाची शक्ति कशी मोजून जाहीर करावी याचा नियम केला, आणि २०२४ सालीं तो पुन्हां कडक केला: ८ ओहमचा भार, २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे सर्व स्वर, आणि विकृति एक टक्क्याहून कमी. हीच कसोटी घेऊन खोक्याकडे पाहावें. एकाच पेटीवर मोठ्या अक्षरांत '१५० वॉट' असतात, आणि आंतल्या पुस्तिकेंत बारीक टाइपांत कळतें कीं हे वॉट ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झच्या एकाच स्वरास, फक्त एक वाट चालू ठेवून आणि १० टक्के विकृति पत्करून मोजलेले आहेत. दहा टक्के विकृति म्हणजे कर्णा फुटल्यासारखा आवाज. त्याच पुस्तिकेंत चार ओळी खालीं, दोन वाटा चालू असतांना ८ ओहमवर ८० वॉट, असा खरा आंकडा असतो. पांचही वाटा एकदम चालल्या तर तोही खालीं येतो, कारण सर्वांना वीज पुरविणारा ट्रान्सफॉर्मर एकच.

पण आजीच्या प्रश्नाचें उत्तर यांत कोठेंच नाहीं. नवी पेटी येते, खिडक्या थरथरतात, आणि तरीही "काय म्हणाला रे तो?" चालूच राहतें. याचें कारण पेटींत नसून खोलींत असतें. हार्वर्ड विद्यापीठांतील तरुण अध्यापक वॉलेस साबिन याच्याकडे १८९५ सालीं असेंच एक दुखणें आलें होतें. फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचा एक शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही, आणि मागून येणारे शब्द त्यांत बुडून जात. साबिननें आवाज वाढविला नाहीं. रात्रीं शहर निजल्यावर तो शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या वाहून आणी, आसनांवर पसरी, घुमणारा नाद किती वेळांत विरतो तें मोजी, आणि पहांटेच्या आंत गाद्या परत पोंचत्या करी. त्या गाद्यांच्या हमालींतून ध्वनिशास्त्राची एक शाखा जन्मली. १९०० सालीं उघडलेलें बोस्टनचें सिम्फनी हॉल त्याच्याच हिशेबानें बांधलें गेलें.

मुंबई-पुण्याचा आजचा दिवाणखाना फॉगच्या सभागृहाहून पुष्कळ लहान, पण दोष तोच: खालीं गुळगुळीत लाद्या, समोर कांच, भिंती उघड्या. कोचापुढें एक जाड सतरंजी, खिडकीला घड्यांचा भारी पडदा आणि मागच्या भिंतीशीं पुस्तकांचें कपाट, एवढ्यानें संवाद जितके सुटे होतात तितके शंभर वॉट वाढवून होत नाहींत. दुसरी गोष्ट मधल्या स्पीकरची. चित्रपटांतील बहुतेक बोलणें पडद्याखालच्या त्या एकट्या स्पीकरमधून येतें. तरी काटकसर करावयाची वेळ आली कीं कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. तो टीव्हीच्या कपाटांत खोल कोंबून पुढें फुलदाणी ठेवलेलीं घरेंही कमी नाहींत. त्याला कडेपर्यंत पुढें ओढून तोंड किंचित् वर, बसणाराच्या कानाकडे वळविणें, याला खर्च नाहीं. रिसीव्हरबरोबर बहुधा एक छोटा मायक्रोफोनही येतो. तो कोचावर ठेवला असतां पेटी आपली आपण प्रत्येक स्पीकरची पातळी जुळविते. कित्येक घरांत तो वर्षानुवर्षें खोक्यांतच निजलेला असतो.

दुकानांतील श्रवण-परीक्षा हा प्रकरणाचा कसोटीचा भाग. दोन आवाजांत जो किंचित् मोठा, तोच कानाला अधिक सरस वाटतो, हें प्रत्येक अनुभवी विक्रेता जाणतो. शिवाय आवाज लहान असला कीं कानाला खर्जाचे स्वर अधिकच कमी ऐकूं येतात, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. म्हणून जी पेटी खपवावयाची ती किंचित् चढ्या आवाजांत लावली कीं काम भागतें. गिऱ्हाइकानें एवढेंच म्हणावें: "शेठ, दोन्हींचा आवाज सारखा करून लावा, आणि मारामारी नको, बोलण्याचा प्रसंग लावा." शेठ हंसतो, या गिऱ्हाइकाला कांहीं कळतें, हें त्याच्या ध्यानांत येतें. येथून पुढचें बोलणें निराळ्या सुरांत होतें. ओळखीचा चित्रपट बरोबर न्यावा, आणि शक्य असल्यास ज्याला ऐकूं येत नाहीं त्यालाच बरोबर न्यावें.

भाव करतांना नुसत्या पेटीच्या किंमतीशीं झटत बसण्यांत फारसा लाभ नसतो. खोक्यावरची कमाल किरकोळ किंमत ही वरची मर्यादा. तिच्याहून अधिक घेण्यास कायद्यानें बंदी आहे, खालीं येण्यास नाहीं. नवा नमुना बाजारांत आला कीं आदल्या वर्षींचा उतरतो, आणि त्यांत नसलेली नवी सोय पुष्कळदां कुटुंबाला लागतही नाहीं. दुकानदाराला सैल सोडणें सोपें जातें तें जोडीच्या वस्तूंत: तार, स्टँड, घरीं येऊन बसवून देणें. तारेच्या बाबतींत तर जादूटोण्याचा बाजार भरलेला आहे. दहा मीटरपर्यंत आठ ओहमच्या स्पीकरला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. तिचा अडथळा ओहमच्या पावभागाहून कमी. सोन्याच्या मुलाम्याची वेटोळीं पुढें आलीं तर तीं शांतपणें बाजूला सारावीं.

जेथें हट्ट धरावयाचा तें ठिकाण म्हणजे कागद. "बिलाशिवाय घेतलात तर आणखी कमी करतों, काका," हें वाक्य केव्हां ना केव्हां कानीं पडतेंच. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या पेटीची हमी त्या चिठ्ठीइतकीच कच्ची. परदेशांतून परभारें आलेला माल याच वाटेनें खपतो. खोक्यावर आयातदाराचें नांव, पत्ता आणि रुपयांतील किंमत नसली कीं ओळख पटते. अमेरिकेसाठीं बांधलेली पेटी १२० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टच्या भिंतींत खुपसली तर घरीं पोंचल्या संध्याकाळींच तिचा ग्रंथ आटोपतो. पक्की पावती, पेटीवरचा क्रमांक त्या पावतीवर लिहिलेला, कंपनीचें भारतांतील हमीपत्र, आणि सात दिवसांत नापसंत पडल्यास बदलून देण्याचें वचन त्याच कागदावर: हें सर्व मिळत असेल तर दोन हजार जास्त गेले तरी सौदा स्वस्त पडला असें समजावें. वचन तोंडी असेल तर तें धरूंच नये.

ते सात दिवस मात्र खरोखर वापरावे. शेजाऱ्यांचा विचार तेव्हांच होतो. निवासी भागांत रात्रीं दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि खासगी घराचा आवाज हद्दीवर तीहून ५ डेसिबलांपलीकडे जाऊं नये असें २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. तेव्हां रात्रीं साडेदहाला, खर्जाचा स्पीकर बंद करून, आवाज शेजारीं जाणार नाहीं इतका खालीं आणून, एखादा जुना बोलका चित्रपट लावावा. आजीला तिच्या नेहमींच्या खुर्चीवर बसवावें, मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलांनीं चढवावी, आणि कोणीं कांहीं न विचारतां पहिला अर्धा तास ती किती वेळां मान वळविते तेवढें मोजावें.