फलकावरची जागा



विद्यार्थ्यांना संघटना काढायला कुणाची मनाई आहे, असं आपण सहज विचारतो. पण त्या संघटनेला फलकावर कागद लावता येत नसेल, सभेला खोली मिळत नसेल, तर तिचा आवाज पोचणार कुणापर्यंत? अमेरिकेतल्या एका खटल्याच्या आधारे मी आज हेच मांडणार आहे.

१९६९ साली व्हिएतनाम युद्धावरून तिथली विद्यापीठं धुमसत होती. सेंट्रल कनेक्टिकट स्टेट कॉलेज या सरकारी महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी’ची शाखा काढण्यासाठी रीतसर अर्ज केला. विद्यार्थी-प्राध्यापकांच्या समितीनं सहा विरुद्ध दोन मतांनी शिफारस केली. कॉलेजचे अध्यक्ष जेम्स यांनी ती फेटाळली. या नावाच्या इतर काही शाखांनी हिंसाचार केला होता, हे खरं. पण आपण राष्ट्रीय संघटनेपासून स्वतंत्र राहू, असं ही मुलं सांगत होती.

त्यांना कुणी कॉलेजातून काढलं नाही. फक्त विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात सभेची सूचना देता येईना, फलक वापरता येईना, खोली मिळेना. पुढं काय करायचं हे ठरवायला ही मुलं आवारातल्या कॉफी शॉपमध्ये जमली, तर दोन डीन अध्यक्षांचं पत्र घेऊन आले आणि त्यांनी ती बैठक मोडली.

खालच्या न्यायालयांना यात हक्कभंग दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयानं जून १९७२ मध्ये, ‘हीली विरुद्ध जेम्स’ खटल्यात, ते निकाल रद्द केले. न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलेल्या निकालाचं सार असं: आवारात माहिती पोचवण्याची साधनंच काढून घेतली, तर संघटना करण्याचा हक्कही दुबळा होतो. विचार पटत नाहीत, हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. नकार योग्य कसा, हे कॉलेजनं सिद्ध करायचं. निर्दोष असल्याचा पुरावा मुलांकडून मागायचा नाही. मात्र वाजवी नियम पाळण्याची तयारी संघटनेनं दाखवली पाहिजे. तेवढा मुद्दा तपासायला प्रकरण परत पाठवलं गेलं.

आपल्या राज्यघटनेचं १९वं कलम भाषणाचं आणि संघटनेचं, दोन्ही स्वातंत्र्यं देतं. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीनं २००६ मध्ये छापील पोस्टरं बंद करून हातानं केलेलीच, तीही ठरावीक जागी, लावू द्यावीत असं सांगितलं. या नियमावर वाद घालता येईल. पण तो सर्वांना सारखा आहे आणि कागदावरचा मजकूर तपासत नाही. नियम जागेला, वेळेला, आकाराला असावेत, मताला नसावेत.

म्हणून प्राचार्यांना माझी विनंती आहे. फलकाचे नियम फलकाशेजारीच लावा. कागद उतरवलात, तर का उतरवला हे त्या विद्यार्थ्यांना लेखी कळवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, ते कारण मागायला कचरू नका. शेजारी विरोधकांचा कागद लागला, तर त्याच्याही जागेसाठी उभे राहा.