काळजी करणे आणि काळजी घेणे



गाडी सुटताना फलाटावर एकाच माणसाला एका दमात दोन गोष्टी सांगितल्या जातात: ‘काळजी करू नकोस’ आणि ‘काळजी घे’. शब्द एकच, एकदा तो टाकून द्यायचा, एकदा बरोबर न्यायचा. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण अर्थाचा सारा भार क्रियापदाने उचललेला असतो. काळजी वाटते किंवा लागते, तेव्हा ती मनाची अवस्था असते. घेतली किंवा वाहिली जाते, तेव्हा ते हातांचे काम होते.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाची कसोटी नेमकी येथे लागते. इंदूर-ग्वाल्हेरकडे घराबाहेर हिंदी असते. हिंदीत ‘चिंता’ करतात आणि ‘ध्यान’ ठेवतात; दोन कामांना दोन शब्द. म्हणून तिकडचा नातू आजीला ‘ध्यान ठेव’ असे सांगून निघतो. बडोद्याच्या मुलाला गुजरातीत ‘काळजी’ हाच शब्द भेटतो, पण तेथे ती ‘राखायची’ असते. यात मुलांना दोष देणे अन्यायाचे. शेजारच्या भाषेचा वारा सर्वांनाच लागतो. मराठीतील ‘निगा’ आणि ‘फिकीर’ फारसीच्याच वाटेने आलेले आहेत, आणि ‘निष्काळजी’ घडवताना देशी शब्दाला संस्कृत उपसर्ग बेधडक जोडलेला आहे.

खरे नुकसान निराळे आहे. बाळंतिणीची निगा राखतात, म्हाताऱ्या माणसाला सांभाळतात, रुग्णाची शुश्रूषा करतात, रोप जोपासतात, काचेचे भांडे जपून उचलतात. या सर्वांच्या जागी एकटा ‘केअर’ येऊन बसला, की कोणी कोणासाठी नेमके काय केले, हेच वाक्यातून नाहीसे होते. (वृत्तपत्रांतील ‘काळजीवाहू सरकार’ मात्र छान रुळले, ते कोणाची काळजी वाहते, हा प्रश्न वेगळा.)

शाळेने हीरक महोत्सवापर्यंत ही क्रियापदे शिकवीत आणली. मुलांच्या मराठीची काळजी पालकही पुष्कळ करतात. ती घेण्याचे काम मात्र जेवणाच्या पानावर, रोजच्या बोलण्यात व्हायचे असते. पूर्वीच्या पत्रांत ‘इकडील काळजी नसावी, प्रकृतीस जपावे’ असे हमखास असे. घरच्या कपाटात अशी पत्रे असतील, तर मुलांकडून ती मोठ्याने वाचून घ्यावीत. ‘प्रकृतीला’ न लिहिता ‘प्रकृतीस’ का लिहिले, असे त्यांनी विचारले, तर उत्तर द्यायला जवळ कोणीतरी बसलेले असावे.