सेवेचा रोजमेळ
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



व्यापारी दिवसअखेर रोजमेळ जुळवतो. सेवेचा रोजमेळ मात्र आपण क्वचितच मांडतो. तो कसा मांडावा, हे आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने दाखविले आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ संस्था स्थापिली. उपचारांआधी त्यांनी गावोगावचे जन्म-मृत्यू मोजले. ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ बालके महिन्याच्या आतच दगावत होती. १९९५ पासून गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे शिकविले. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत अशी घट झाली नाही. म्हणूनच १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेले हे निष्कर्ष मान्य झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर नवजात बालकांच्या घरी जाऊ लागल्या.

व्यवस्थापन-संशोधन म्हणजे हेच : आधी मोजणे, मग करणे, पुन्हा मोजणे.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दातेही उदार आहेत. नेत्रशिबिरात किती रुग्ण तपासले, हे अहवालात छापले जाते. सहा महिन्यांनी कितींना नीट दिसू लागले, हे छापले जात नाही. न्यासाने ही वही आता घालावी. ज्यांना गुण आला नाही, त्यांची नोंद तीत आधी व्हावी आणि दिवाळीच्या वहीपूजनात तीही मांडली जावी, एवढीच विनंती.